२६९ चौरस फुटांत दप्तर कुठे ठेवायचं?

चौथीतल्या एका मुलीची स्वाध्यायाची वही चार दिवस आली नाही. विचारलं तर गप्प. मी वर्गासमोर तिला बोललो. गृहभेटीला गेलो तेव्हा कळलं. गव्हाच्या पोत्यांच्या थप्पीवर ठेवलेलं दप्तर रात्री मागे भिंतीकडे घसरलं आणि उंदरांनी वही कुरतडली. मुलगी आळशी नव्हती. दप्तराला घरात जागाच नव्हती.

घर मात्र नवीन, घरकुल योजनेतलं. इंदिरा आवास योजनेत घर किमान २० चौरस मीटरचं असायचं. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) ते २५ चौरस मीटर झालं, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. स्वयंपाकाची जागाही त्यातच.

आमच्या नगर जिल्ह्यातली जुनी धाब्याची घरंही काही फार मोठी नव्हती. पण भिंती चांगल्या हातभर जाड, त्यामुळे भिंतीतच कोनाडे, देवळ्या, फडताळ निघायचं. एका मडक्याच्या जागेत पाच-सहा मडक्यांची उतरंड उभी राहायची. दूध-दही शिंक्यावर, गोधड्या दांडीवर, कपडे खुंटीला. त्या घरांचं उगाच कौतुक नको, पावसाळ्यात गळायची आणि विंचूही निघायचे. पण जमीन मोकळी असायची. आता विटांची भिंत सहा इंचाची, तिच्यात कोनाडा कसा काढणार? भिंतीतलं सगळं सामान जमिनीवर आलं आणि माणसं कडेकडेनं झोपू लागली.

यावर उपाय बांधकाम चालू असतानाच करावा लागतो. घरकुल लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं असतं, तेव्हा गवंड्याला सांगणं आपल्याच हातात आहे. दाराची उंची सात फूट, स्लॅब दहा फुटांवर. मधले तीन फूट नुसती हवा! लिंटेलच्या वेळीच दोन फूट रुंदीचा माळा काढला, तर दहा फुटांच्या भिंतीवर २० चौरस फूट जागा मिळते, तीही जमीन न अडवता. एका कोपऱ्यात कडप्प्याचे दोन-तीन कप्पे तेव्हाच बसवून घ्यावेत. गवंडी म्हणतो, "नंतर बघू." नंतर फोडाफोड करायला पैसे कोणाकडे असतात?

माझं मत काहींना कडू लागेल. हप्त्याचे पैसे समोरच्या रंगाला आणि टीव्हीच्या शोकेसला पुरतात, मग पुस्तकांच्या एका कप्प्याला का पुरत नाहीत? खालचा कप्पा मुलाचा असावा, त्याचा हात पोहोचेल एवढ्याच उंचीवर.

त्या मुलीची आई मला म्हणाली, "गुरुजी, आधी वर्षाचा गहू का आधी दप्तर?" तिचं चुकलं नव्हतं. पोती माळ्यावर चढवता येत नाहीत, ती खालीच राहणार. पण फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवली तर ओल लागत नाही आणि मागे झाडताही येतं. गोधड्या, मोठी पातेली, ऊसतोडीहून परतल्यावर लागत नाही ते सामान वर गेलं, तर खाली एक कोपरा निघतोच.

त्यांच्या घरात माळा नाही. मी म्हणालो, "ताई, निदान एक खुंटी ठोका." दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनी दाराच्या मागे ठोकली. दप्तर आता तिथं असतं. वही पुन्हा पहिल्यापासून लिहायला मी सांगितलेलं नाही, आणि वर्गासमोर बोललो होतो ते वर्गासमोरच मागे घेतलं.