चाळिशीनंतरचं अलेफ-बेथ

यहुद्यांच्या सिनेगॉगमध्ये मोठ्या माणसांचे वर्ग चालतात. पोरांचे वेगळे, हे मोठ्यांचे. न्यूयॉर्कला जा, लंडनला जा, संध्याकाळी नोकरी संपवून बायाबाप्ये येतात, पुढ्यात वही घेतात आणि अलेफ, बेथ, गिमेल गिरवतात. कुणी पन्नाशीचा डॉक्टर, कुणी नातवंडं झालेली बाई. वर्ष-दोन वर्षं घासायचं आणि मग एका शनिवारी भरल्या सिनेगॉगमध्ये तोराची गुंडाळी उघडून वाचायचं. गुंडाळीत नुसती व्यंजनं असतात. स्वरांच्या खुणा नाहीत, सुरांच्या खुणा नाहीत, म्हणून आधी सगळं घोकावं लागतं. जो मान पोराला तेराव्या वर्षी आपोआप चालत येतो, तो बाईला साठीत घाम गाळून मिळवावा लागतो.

आपल्यातले काही दोस्त यावर हसतील. म्हणतील, ही सगळी धर्माची भंकस, म्हातारपणी पोथी वाचून कुणाचं काय भलं झालं?

दोस्तहो, पोथी खरी की खोटी हा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवा. पोथी कुणाच्या हातात आहे ते आधी बघा. जो वाचतो तो अर्थ सांगतो, जो अर्थ सांगतो तो कायदा सांगतो, आणि ज्याला वाचता येत नाही तो मान खाली घालून आमेन म्हणतो. म्हणून मला ही साठीतली बाई फार महत्त्वाची वाटते. ती देवासाठी आली असेल, नवऱ्याला दाखवून द्यायला आली असेल, एकटेपणा खायला उठतो म्हणून आली असेल. ती अक्षर शिकते आहे आणि जे अक्षर शिकते आहे ते हजारदीड हजार वर्षं तिच्यासाठी नव्हतंच.

नव्हतंच म्हणजे काय? मिश्नात रब्बी एलिएझर नावाचा पंडित स्पष्ट सांगून गेला की मुलीला तोरा शिकवणं म्हणजे तिला चवचालपणा शिकवणं. त्याच पानावर बेन अज्जाय म्हणतो की बापानं मुलीला शिकवलंच पाहिजे. पान एकच, मतं दोन, आणि दोन्ही जपून ठेवलेली. पण शतकानुशतकं चाललं कुणाचं? एलिएझरचं. 1922 साली न्यूयॉर्कमध्ये मोर्डेकाय कॅप्लान या रब्बीनं आपल्या बारा वर्षांच्या मुलीला, ज्युडिथला, सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर उभं केलं. अमेरिकेतली पहिली बात मित्झ्वा म्हणून ती गाजली. पण तिच्या हातात गुंडाळी दिलीच नाही. छापील पुस्तकातून, गुंडाळीपासून बाजूला उभं राहून वाच म्हणाले. म्हंजे क्रांती केली, पण चार हात लांब उभी करून. हीच ज्युडिथ 1992 साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, दुसऱ्यांदा बात मित्झ्वा करायला उभी राहिली. मधली सत्तर वर्षं बायांनी भांडून काढली. जेरुसलेममध्ये 2020 च्या जानेवारीत हजारो बायका एका सभागृहात जमल्या आणि तालमूदची 2,711 पानं, रोज एक याप्रमाणे साडेसात वर्षं वाचून संपवल्याचा सोहळा केला. एलिएझर बसला असेल कुठंतरी कपाळाला हात लावून.

पण मी काही इथं यहुदी धर्माची आरती ओवाळायला बसलेलो नाही. त्यांच्यातही पंडितांचा माज होताच. ज्याला तोरा येत नाही त्याला ते 'अम हाआरेत्झ' म्हणत, म्हणजे शब्दशः मातीतला माणूस. तालमूदमध्ये या मातीतल्या माणसाबद्दल जे लिहून ठेवलंय ते वाचून आपल्याकडच्या ग्रंथांची आठवण येते. त्याला मुलगी देऊ नये. त्याची साक्ष घेऊ नये. एक महाभाग तर म्हणतो की त्याला माशासारखा उभा चिरला तरी चालेल. भाष्यकार म्हणतात, हे रागाच्या भरातलं बोलणं, खरं धरू नका. असेल. आणि शूद्राच्या कानात तापलेलं कथील ओता म्हणणाऱ्या गौतमाच्या धर्मसूत्रात नि यात फरकही मोठा आहे. इथला अडाणी जन्मानं कायमचा अडाणी नाही, तो उद्या शिकून पंडित होऊ शकतो. पण शिव्या देणाऱ्याचा आवाज सगळीकडे सारखाच असतो.

गंमत पुढं आहे. त्याच पानावर अकिवा बोलतो. हा अकिवा मेंढपाळ. परंपरा सांगते की चाळीस वर्षांचा होईपर्यंत त्याला एक अक्षर येत नव्हतं. मग पोराचं बोट धरून तो पंतोजीकडं गेला आणि पोराच्या शेजारी बसून अलेफ-बेथ शिकला. पुढं यहुद्यांचा सगळ्यात मोठा पंडित झाला, बंडाच्या काळात रोमनांनी त्याला हाल करून मारला. तर हा अकिवा म्हणतो की मी अडाणी होतो तेव्हा मला वाटायचं, एखादा पंडित हाताला लागला तर त्याला गाढवासारखा चावेन. चेल्यांनी विचारलं, गाढवासारखा का, कुत्र्यासारखा का नाही? तो म्हणाला, कुत्र्याचं चावणं कातडीत राहतं, गाढव चावलं की हाडापर्यंत जातं.

हा माणूस मला जवळचा वाटतो. पंडित झाल्यावर आपला जुना राग त्यानं धुऊन टाकला नाही, भर सभेत सांगितला. प्रौढ शिक्षणाचं पहिलं पान म्हणून हेच लावायला हवं. मोठा माणूस वर्गात येतो तो कोरी पाटी घेऊन येत नाही. अपमान घेऊन येतो.

हे नीट ओळखलं ते जर्मनीत, फ्रांकफुर्टमध्ये. 1920 साली फ्रान्झ रोझेनझ्वाइग नावाच्या तत्त्वज्ञानं तिथं मोठ्यांसाठी 'लेहरहाउस' उघडलं. हा स्वतः 1913 साली ख्रिस्ती व्हायला निघालेला, ऐन वेळी मागं फिरलेला. विद्यापीठानं देऊ केलेली वाट सोडून तो इकडं आला. त्याचं म्हणणं साधं होतं. जुनी शाळा पोथीपासून सुरू होऊन जीवनाकडं यायची, आता उलटं करा. माणूस जिथं उभा आहे तिथून, त्याच्या धंद्यातून, त्याच्या शंकेतून, त्याच्या परकेपणातून सुरू करा आणि मग पोथीकडं चला. म्हणून शिकवणाराही सर्वज्ञ नको. तिथं बायबल शिकवायला एडुआर्ड श्ट्राउस नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता, रिचर्ड कोख नावाचा डॉक्टर होता. मार्टिन बूबर होता, तरुण एरिश फ्रॉम होता, स्त्रियांच्या प्रश्नांवर लढणारी बेर्था पापेनहाइम होती. आत यायला परीक्षा नव्हती, फी मात्र होती. यहुदी मध्यमवर्गाची ती चळवळ, कामगार तिथं किती पोचला असेल याची मला शंकाच आहे.

1922 साली रोझेनझ्वाइगला असाध्य लकवा झाला, हातपाय गेले, वाचा गेली, 1929 साली तो मेला. लेहरहाउस त्याच्या आधीच थंडावलं होतं. आणि मग हिटलर आला. 1933 च्या शेवटाला बूबरनं ते परत उघडलं. आता तिथं येणारी माणसं कालपर्यंत जर्मन होती, पदव्या होत्या, मेडल होती, आणि एका फटक्यात त्यांची गिनती माणसांत होईनाशी झाली. नोकरीतून हाकलली, विद्यापीठातून हाकलली. त्यांना 'तुम्ही यहुदी' एवढं शत्रूनं सांगितलं होतं, यहुदी म्हंजे काय हे त्यांचं त्यांना ठाऊक नव्हतं. शिवी म्हणून जे नाव मिळालं ते आतून भरायला ती माणसं वर्गात बसली. 1938 साली नाझींनी सगळंच संपवलं. त्या नोव्हेंबरात सिनेगॉग जळाले. त्या वर्गानं कुणाचा जीव वाचवला असं मी म्हणणार नाही. पण शत्रूनं दिलेल्या व्याख्येत मरायचं की स्वतःच्या, एवढा तरी हक्क तिथं शिल्लक राहिला.

आता इकडं कोकणात या. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष नि सात बाया वाचल्या, अशी बेने इस्राएलांची दंतकथा. गावोगाव तेलघाणे चालवत राहिले, शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडलं शनिवार तेली. हिब्रू विसरले, पोथी हरवली, 'शमा' ही एक प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. मग दावीद राहाबी नावाचा माणूस आला, त्यानं तिघांना शिकवलं आणि त्यांना काजी केलं, असं सांगतात. बेने इस्राएलांचा पहिला प्रौढवर्ग तीन विद्यार्थ्यांचा! पुढं 1796 साली मुंबईत पहिलं सिनेगॉग उभं राहिलं, लोक त्याला जुनी मशीद म्हणायचे. मग पाद्री आले. जॉन विल्सननं 1832 साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. हेतू बाटवण्याचा. लोकांनी व्याकरण घेतलं, बाप्तिस्मा घेतला नाही. याला म्हणतात शिकणं!

पण खरी शाळा मराठीतच भरली. जोसेफ इझेकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. 1880 च्या सुमारास बेने इस्राएलांनी कीर्तन उचललं. तेच पूर्वरंग-उत्तररंग, तेच टाळ, आणि आख्यान मोशेचं, योसेफाचं. ज्या आजीला अक्षर येत नाही तिला अख्खं बायबल कानातून शिकवलं. रब्बी नाही, गुंडाळी नाही, आमची मराठी कामी आली. याला प्रौढ शिक्षण म्हणायचं नाही तर कशाला?

आणि म्हणून मला राग कशाचा येतो ते सांगतो. या माणसांना कायम कुणीतरी बाहेरचा येऊन 'तुम्ही अर्धे' म्हणत आला. बगदादचे श्रीमंत यहुदी मुंबईत आले, आणि 1836 साली त्यांच्यातल्या बड्यांनी, त्यात दावीद ससूनही होता, सरकारकडे अर्ज केला की आमच्या आणि यांच्या कबरींमध्ये भिंत घाला. मेल्यावरही भिंत! बेने इस्राएलांनी स्वतः काय केलं? गोरे इस्राएल नि काळे इस्राएल. मिश्र लग्नातून झालेल्यांना काळे ठरवायचं, रोटी नाही, बेटी नाही. जात हा रोग असा आहे की तो अंगाला लागायला हिंदू असावं लागत नाही. कोचीनला तर 1568 च्या परदेशी सिनेगॉगमध्ये मुक्त गुलामांच्या वंशजांना आत बाकावर बसायची बंदी, तोरा वाचायला बोलवायची बंदी. बाहेरच्या दालनात खाली बसायचं नि आतलं ऐकायचं. त्यांच्यातलाच वकील ए. बी. सालेम उठला आणि त्यानं सिनेगॉगमध्येच सत्याग्रह केला, उपोषणाची धमकी दिली. दार एकदम उघडलं नाही, हळूहळू किलकिलं होत गेलं.

पुढं बेने इस्राएल इस्राएलला गेले, तर 1962 साली तिथल्या मुख्य रब्बींनी फर्मान काढलं की यांचं लग्न लावण्याआधी आईची, आजीची, पणजीची वंशावळ तपासा. तेलघाण्यावरच्या पणजीचा दाखला कुठून आणायचा? माणसं रस्त्यावर आली, जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. 1964 साली संसदेला सांगावं लागलं की हे सर्व अर्थानं यहुदी आहेत, आणि रब्बींना आपला शब्द गिळावा लागला. त्या लोकांना तालमूद किती येत होतं? फार नाही. पण आपली कागदं कोण तपासतो आणि का, हे त्यांना अचूक कळलं होतं. हा धडा कुठल्या वर्गात मिळतो?

तेव्हा आजच्या वर्गांकडं मी या डोळ्यांनी बघतो. अमेरिकेतल्या सिनेगॉगला सभासदवर्गणी असते, ती भरणारा शिकतो. काळा अमेरिकन यहुदी वर्गात आला की शेजारी प्रेमानं विचारतो, तुम्ही धर्मांतर कधी केलंत? दोघा-दोघांची जोडी करून पानावर भांडत शिकायची त्यांची रीत, हवरूता, जगात तोड नाही अशी आहे. गुरूसमोर हात जोडून बसण्यापेक्षा शेजाऱ्याशी हुज्जत घालणं केव्हाही चांगलं. पण मग ती हुज्जत सगळ्यावर चालू द्या ना! परक्यावर जुलूम करू नका, तुम्हीही मिसरात परके होता, हे तोरा पुन्हापुन्हा बजावते. त्या ओळीवर वर्ग आला की गाझाचं नाव घ्यायचं की नाही? 2023 नंतर अनेक सिनेगॉगमध्ये यावरून घरं फुटली, रब्बी नि तरुण पोरं समोरासमोर आली. जिथं नाव घेतलं तिथं वर्ग जिवंत आहे. जिथं पुस्तक मिटून चहा दिला, तिथं नुसती अक्षरओळख चालू आहे.

आणि मुंबई-ठाण्यात? माणसं उरली मोजकी. 2016 साली महाराष्ट्र सरकारनं अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर बरेचसे निघून गेले होते. जे राहिले त्यांना शिकवायला बाहेरून माणसं येतात, आणि त्यातले काही पहिल्याच दिवशी सांगतात की तुमचा मलिदा काही खरा नाही, एलियाहू हानाबीच्या नावानं गोड पोहे आणि नारळ ठेवणं म्हंजे हिंदूंची नक्कल. बाबा रे, तू येण्याआधी, पोथी नसताना, हिब्रू नसताना, याच पोह्यांनी यांना यहुदी ठेवलं. शिकवायला आलास तर आधी ते खा. मग विचार की हे कधीपासून, कुणी सुरू केलं, बाया यात काय म्हणतात. तू विद्यार्थी हो, मग तुझं अलेफ-बेथ काढ.

पुण्यात 1874 साली वल्हांडणाची हागादा मराठी भाषांतरासकट छापली. तिच्यात चित्र आहे, बाया बेखमीर भाकरी करताहेत, अंगावर नऊवारी लुगडं, जमिनीवर बसलेल्या, पोळपाट-लाटणं घेऊन. जगभरच्या संग्रहालयांत ते पुस्तक काचेआड जपलंय. त्याची प्रत ठाण्याच्या सिनेगॉगमधल्या वर्गात टेबलावर ठेवा, आणि पहिलं पान वाचायला सगळ्यात म्हाताऱ्या बाईला सांगा. मराठीतून.