फळा, पडदा आणि आपले गुरुजी

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागले की वाटेत झरी येते. कापूस, सोयाबीन, तूर यांचा हा मुलूख. सकाळी आईबाप रोजाने रानात जातात आणि पोरे दप्तर पाठीला लावून शाळेत जातात. अशा गावांतल्या आयाबहिणी आज एक प्रश्न विचारतात. शाळेत गुरुजी म्हणे पडद्यावर शिकवतात, अभ्यास मोबाईलवर पाठवतात. आमचे पोरगे यातून शिकेल की नुसता सिनेमा पाहील? आणि ज्या घरात एकच मोबाईल, तोही बापाच्या खिशात, त्या घरच्या मुलीने काय करायचे?

प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून या खेपेस आम्ही त्यावरच लिहायचे ठरवले.

पहिली गोष्ट अशी, की यंत्र शिकवीत नाही, शिक्षक शिकवतो. यंत्र त्याच्या हाताला जोर देते एवढेच. चांगल्या सुईणीच्या हातात साधी कात्रीही जीव वाचवते, अडाण्याच्या हातात मोठे इस्पितळ दिले तरी उपयोग नाही. तेव्हा शाळेत पडदा आला की नाही, हा प्रश्न दुसरा. गुरुजींनी आणि बाईंनी तो वापरायचे शिकून घेतले का, हा प्रश्न पहिला.

शाळेत नवे साहित्य येणे हे काही आजचे नाही. १९८७ साली देशात खडू-फळा मोहीम सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचे साहित्य मिळावे असे ठरले. म्हणजे त्या वेळी कितीतरी शाळांना धड फळासुद्धा नव्हता! त्याआधी १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली होती. दूरदर्शनवरचे तिचे कार्यक्रम आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पुष्कळांना आठवत असतील. पण शाळेला मिळालेला टीव्ही मुलांपुढे कमी आणि कुलपात जास्त राहिला, हेही पुष्कळांना आठवत असेल. बिघडला तर भरपाई कोण देणार, ही गुरुजींना धास्ती. वीज नाही, तीही अडचण. २०१७ मध्ये बालचित्रवाणीच बंद झाली.

पुढे २००१ साली एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम आला. सरकारी नोकरांना आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना ही परीक्षा सक्तीची झाली. पन्नाशीला टेकलेले गुरुजी तालुक्याच्या गावी संगणकाच्या वर्गात विशीच्या पोरांशेजारी बसले. कुणाचा हात माऊसवर थरथरला, कुणाला त्याच पोरांनी बटण दाखवून दिले. याला हसू नये. उतारवयात पुन्हा विद्यार्थी होणे सोपे नसते. मात्र संगणक चालवता येणे वेगळे आणि त्याने तिसरीच्या मुलाला भागाकार समजावणे वेगळे. परीक्षेचा कागद मिळाला, पण वर्गातला फळा होता तसाच राहिला, असे पुष्कळ ठिकाणी झाले.

बदल झाला तो शिक्षक स्वतःहून शिकू लागले तेव्हा. जून २०१५ मध्ये राज्य सरकारने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम काढला. त्या सुमारास 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द रूढ झाला. गावोगाव लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले. कुणी शंभर दिले, कुणी पाचशे दिले, आणि शाळा 'डिजिटल' झाली. एका शिक्षकाने दुसऱ्याला दाखवले, दुसऱ्याने तिसऱ्याला.

या शिक्षकांपैकी एक नाव साऱ्या जगात गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहानसे गाव आहे. २००९ साली रणजितसिंह डिसले नावाचा तरुण तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाला. शाळा कशी? एका बाजूला गुरांचा गोठा, दुसऱ्या बाजूला सामान ठेवायची खोली आणि मध्ये मोडकळीला आलेली शाळा. डिसले गुरुजी आधी अभियांत्रिकीला गेले होते. ते शिक्षण सुटले आणि वडिलांच्या सांगण्यावरून ते शिक्षकाच्या अभ्यासक्रमाकडे वळले. त्यांनी काय केले? पाठ्यपुस्तकातल्या धड्याला एक चौकोनी खूण जोडली. मोबाईल त्या खुणेवर धरला की त्या धड्याची कविता ऐकू येते, गोष्ट दिसते, सराव करता येतो.

ही खूण म्हणजे क्यूआर कोड. आज चहाच्या टपरीवरही पैसे द्यायला असतो तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन. १९९४ साली जपानमधल्या डेन्सो वेव्ह या कंपनीत तो तयार झाला, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. कारखान्यातली ही युक्ती महाराष्ट्रात प्राथमिक शाळेच्या पुस्तकात आली. २०१७ मध्ये राज्याने पाठ्यपुस्तकांत असे कोड छापण्याचे ठरवले. बालभारतीच्या पुस्तकात धड्याच्या जवळ तो चौकोन दिसतो, तो हाच.

३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाले. १४० हून अधिक देशांतून १२ हजारांवर नावे आली होती. बक्षीस १० लाख डॉलरचे, म्हणजे आपले सुमारे ७ कोटी रुपये. त्यांनी निम्मी रक्कम शेवटच्या फेरीतल्या दुसऱ्या नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. एकट्याच्या मेहनतीने शिक्षण पुढे जात नाही, हे त्यांनी बोलून नव्हे, देऊन दाखवले.

पण आम्हाला त्यांच्या कामातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते. पुरस्कार देणाऱ्या संस्थेने नोंदवले आहे, की पुस्तकाची भाषा मुलींच्या घरच्या भाषेपेक्षा वेगळी होती. डिसले गुरुजी आधी ती भाषा शिकले, पुस्तके मुलींच्या भाषेत नेली आणि मग त्यावर तो चौकोन लावला. म्हणजे आधी मूल समजून घेतले, यंत्र नंतर आणले. आपल्या मराठवाड्याला हे वेगळे सांगायला नको. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. वरच्या शिक्षणाची आणि कचेरीची भाषा उर्दू, घरची भाषा मराठी. शाळेची भाषा परकी वाटली की गरिबाचे पोर पहिल्याच पायरीवर अडखळते, हे आपल्या आज्या-पणज्यांनी भोगले आहे.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि मोबाईलवरच्या शिक्षणाचा डंका वाजू लागला. तेव्हा खरी विषमता उघडी पडली. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत दिसले होते, की देशाच्या ग्रामीण भागात शंभरातल्या जेमतेम ४ घरांत संगणक आणि सुमारे १५ घरांत इंटरनेट होते. मग बाकीच्यांनी काय करायचे? काही ठिकाणी लोकांनी डोके लढवले. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांत 'बोलकी शाळा' भरली. ध्वनिक्षेपकावर धडा लावायचा आणि मुलांनी अंतर ठेवून बसून ऐकायचा. सोलापुरात नीलमनगरच्या कामगार वस्तीत घरांच्या भिंतींवरच धडे रंगवले गेले. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. ज्याच्याकडे मोबाईल नाही पण टीव्ही आहे, त्या मुलापर्यंतही ती पोचली.

यावरून काय शिकायचे? महाग ते चांगले, असे नसते. भिंत, कर्णा, टीव्ही, मोबाईल, जे आपल्या मुलापर्यंत पोचेल ते साधन खरे. जगानेही हा धडा घेतला आहे. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने दहा लाखांवर लॅपटॉप मुलांना वाटले. पण त्यांचा शिकवण्याशी मेळ घातला नाही, त्यामुळे मुलांचे शिकणे सुधारले नाही, असे युनेस्कोने २०२३ च्या अहवालात लिहिले. स्वीडनसारख्या श्रीमंत देशाने त्याच वर्षी छापील पुस्तकांसाठी पुन्हा जादा पैसे काढले. यंत्र टाकून द्या, असा याचा अर्थ नाही. यंत्राची जागा ओळखा, असा आहे.

आता वर्गात ही जागा कोणती? झरीचेच उदाहरण घेऊ. धडा कापसाचा आहे. कापूस पडद्यावर दाखवायची काय गरज? वर्गातली निम्मी मुले वेचणीला आईबरोबर गेलेली असतात. बोंडाचा काटा बोटाला कसा लागतो हे तीच बाईंना सांगतील. तेव्हा बोंड हातात द्यावे, सरकी मोजायला लावावी, बी ओल्या फडक्यात घालून मोड आणायला लावावा. पडदा लावायचा तो पुढे. हा कापूस गाडीत भरून गेला, मग त्याचे काय झाले? जिनिंगमध्ये सरकी कशी निघते, गिरणीत सूत कसे होते, आईने ज्या भावाने विकला त्या कापसाचा सदरा दुकानात कितीला मिळतो? हे मुलाने पाहिलेले नसते. समुद्र, ज्वालामुखी, धडधडणारे हृदय, चंद्राच्या कला, हेही असेच. जे अंगणात आहे ते हाताने शिकवावे, जे अंगणापलीकडे आहे ते पडद्याने.

जाणता शिक्षक चित्रफीत लावून खुर्चीवर बसत नाही. तो आधी प्रश्न टाकतो. मध्येच चित्र थांबवतो आणि विचारतो, पुढे काय होईल, सांगा बरे. मुले भांडतात, अंदाज करतात. मग पुढचे दाखवतो. शेवटी पडदा बंद करून वहीवर काढायला, तोंडाने सांगायला लावतो. दहा मिनिटांच्या चित्रफितीवर तासभर वर्ग बोलता राहिला, तर ते शिकणे. तासभर चित्र चालले आणि वर्ग गप्प राहिला, तर तो सिनेमा. आयांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

आणखी एक गोष्ट पाहायला हवी. बटण कोणाच्या हातात असते? बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असतानाचा प्रसंग त्यांच्या चरित्रात येतो. शिक्षकांनी गणित सोडवायला त्यांना फळ्याकडे बोलावले, तर इतर मुलांनी धावत जाऊन फळ्यामागे ठेवलेले आपले डबे आधी बाजूला काढले. फळा होता, खडू होता, हुशारीही होती. फक्त फळ्यापर्यंतची वाट मोकळी नव्हती. आज फळ्याच्या जागी पडदा आला. मग रोज संगणक कोण लावतो? पुढे कोण बसते? मागच्या बाकावरच्या, न बोलणाऱ्या मुलीची पाळी येते का? गुरुजींनी पाळी लावून प्रत्येक मुलाचा हात त्या यंत्राला लागेल असे पाहिले पाहिजे.

आणि हा दोष शाळेचाच असतो असे नाही, घरातही असतो. खेड्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची असरची पाहणी २०२३ मध्ये झाली. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त १९.८ टक्के मुलींकडे. एक फोन आला की तो आधी दादाला! ताईने भाकरी थापायची आणि दादाने धडा पाहायचा, ही रीत आपल्या घरात तरी नको.

मग आपण काय करू शकतो? थोड्या गोष्टी सांगतो. केंद्र सरकारच्या दीक्षा ॲपवर पुस्तकातल्या चौकोनाचे धडे मिळतात. जिथे इंटरनेट चांगले चालते तिथे ते आधी उतरवून घेतले, तर घरी इंटरनेट नसतानाही पाहता येतात. रोज संध्याकाळी अर्धा तास घरातला फोन अभ्यासाचा, असे ठरवून टाकावे, आणि त्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच ठेवावा. त्या वेळी जवळ बसावे. स्वतःला वाचता येत नसले तरी विचारता येते, बाळा, आज काय पाहिलेस, मला समजावून सांग. जे आईला समजावून सांगता येते ते मुलाला आले, असे खुशाल समजावे.

दुसरे, शाळा व्यवस्थापन समितीत जावे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याप्रमाणे या समितीत निदान पाऊण सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. दुर्बल घटकांच्या पालकांनाही त्यात संख्येप्रमाणे जागा आहे. बैठकीला नुसता अंगठा किंवा सही देऊन परत येऊ नये. विचारावे, प्रोजेक्टर चालू आहे का? बिल थकल्याने वीज तुटली आहे का? बिघडला तर दुरुस्तीला पैसे कुठून येतील? शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले का? लोकवर्गणीतून आलेली वस्तू धूळ खात पडली असेल तर तो गावाच्या घामाचा अपमान आहे. विचारताना मात्र गुरुजींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. नवे शिकणाऱ्याला धीर लागतो. ज्या शिक्षकाने पहिल्यांदा कचरत कचरत संगणक लावला त्याला, "गुरुजी, पोरगी घरी येऊन सगळे सांगत होती बरं का," एवढे म्हणावे. त्या एका वाक्याने पुढच्या धड्याला त्यांना हुरूप येईल.

नव्याचे नऊ दिवस सरले की यंत्र जुने होते. आज क्यूआर कोड आहे, उद्या आणखी काही येईल. आपल्या मुलांना मात्र वर्गात पुढे जाऊन हात लावण्याची, चूक करण्याची आणि प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर येणारे कोणतेही यंत्र त्यांना परके वाटणार नाही. ती सवय लावणे गुरुजींचे काम आहे, आणि तितकेच आपलेही.