'धोका पातळी' : एक शब्द, दोन अर्थ

पावसाळ्यात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पुराची वार्ता लिहिली जाते, तीत 'इशारा पातळी' व 'धोका पातळी' हे शब्द हटकून येतात. कोल्हापूर येथे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट धरली जाते. २०१९ व २०२१ च्या महापुरांत नदी या रेषेच्या पुष्कळ वर गेली होती. परंतु हा हिशेब केवळ पाण्याच्या उंचीचा होय. पाण्यात काय मिसळले आहे, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. असे असता पाणी रेषेखाली उतरताच 'धोका टळला' असा पुकारा होतो आणि शेतकरी अनवाणी उसाच्या फडात शिरतो. हा पुकारा, निदान या शब्दांत, बंद झाला पाहिजे.

वैद्यकाच्या दृष्टीने धोक्याची मुदत पाणी ओसरल्यावरही चालूच राहते. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू साचलेल्या पाण्यात व ओल्या चिखलात येतात आणि पायांच्या भेगांतून वा जखमेतून शरीरात प्रवेश करतात. ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो. क्वचित महिनाही लागतो. तोपर्यंत पुराचा विसर पडलेला असतो. रोगी ताप अंगावर काढतो, आणि डॉक्टरांकडे गेलाच तरी आपण चिखलात राबलो हे सांगणे त्यास सुचत नाही.

'गाळ' या शब्दाचीही तीच गत. नदीचा बारीक गाळ शेतास लाभदायक ठरतो (वाळू आली तर गोष्ट निराळी). घरात व विहिरीत शिरलेला गाळ मात्र संडासांची घाण आणि मेलेली जनावरे यांच्या संसर्गातून आलेला असतो. 'निवळलेले' पाणीही असेच फसवे. निवळणे म्हणजे माती तळाशी बसणे, जंतू मरणे नव्हे. विहीर उपसून, गाळ काढून टी.सी.एल. पावडर टाकावी व तासाभराने ओ.टी. चाचणीत पाणी पिवळे होते की नाही, हे पाहावे.

गमबूट चिखलात रुततात, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. ज्यांना ते जमत नाहीत, त्यांनी पायास जखम असता तरी फडात उतरू नये. ग्रामसेवकांनी 'पाणी धोका पातळीखाली' या ओळीखाली आणखी एक ओळ लिहावी : 'पुराच्या पाण्यात वा चिखलात काम केलेल्यांनी महिनाभरात ताप आल्यास त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे व चिखलात काम केल्याचे तेथे सांगावे.'