सूतिकेचें मन

गर्भवतीस आपल्या प्राचीन वैद्यकांत ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची, असें म्हटलें आहे, आणि तिची इच्छा मोडूं नये असा सुश्रुताचा उपदेश आहे. ‘डोहाळे’ हा आपला घरगुती शब्द त्याच कुळांतला. म्हणून ओटी भरणें, झोपाळ्यावर बसविणें, पेढा कीं बर्फी विचारणें, असें तिचें कौतुक घरोघरीं होतें. परंतु प्रसूति झाली कीं सर्वांची दृष्टि पाळण्याकडे वळते. सटवाईची पूजा होते ती बाळाच्या ललाटरेषेसाठीं. बारसें होतें तेंही बाळाचेंच. कालपर्यंत जी दोन हृदयांची होती, तिच्या उरलेल्या एका हृदयाची विचारपूस कोण करतो, हा प्रश्न आज आम्हांस वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

युसूफ वडगांवीं आमचा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षीं याच काळजीनें आमच्याकडे आला. पत्नी दुसऱ्यांदा बाळंत होऊन दीड महिना झालेला, दुसरीही कन्याच. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेकशेगडी, कशांतही उणें नव्हतें. तरी सूनबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मूल झोपलें तरी त्यांस झोप नसे. ‘मी आई व्हावयास लायक नाहीं’ हें एकच वाक्य त्या पुनःपुन्हां बोलत. घरांत निदानें तीन झालीं होतीं. आत्याबाईंच्या मतें बाहेरची बाधा. काकूंच्या मतें निव्वळ लाड. आणि ऐंशी ओलांडलेल्या आजींचें म्हणणें असें कीं, ‘आम्हीं सहा बाळंतपणें काढलीं, आम्हांला नाहीं झालें हें असलें कांहीं.’ आम्हीं त्यास सांगितलें कीं, चवथें निदानही आहे, आणि तें वैद्यकाचें आहे.

या दुखण्याचे तीन प्रकार गृहस्थानें ओळखले पाहिजेत. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चवथ्या दिवशीं उगीच डोळे भरून येणें, क्षणांत हसणें व क्षणांत रडणें, हें पुष्कळ बाळंतिणींस होतें. शरीरांतील संप्रेरकें एकदम उतरलेलीं असतात व झोप मोडलेली असते. तें आठ-पंधरा दिवसांत आपोआप ओसरतें. पण औदासीन्य दोन आठवड्यांहून अधिक टिकलें, कशांत गोडी उरली नाहीं, मुलाविषयीं ओढ वाटेनाशी झाली किंवा उलट अखंड धास्ती वाटूं लागली, तर तो प्रसूत्युत्तर विषाद होय. तिसरा प्रकार विरळा, हजारांत एक-दोघींस होणारा, पण भयंकर: भ्रम होतो, नसलेले आवाज ऐकूं येतात, झोप पार उडते. येथें अंगारेधुपारे करीत एक रात्रही दवडूं नये. त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें.

हें दुखणें परदेशीं अथवा शहरी आहे, असें कोणी म्हणेल. गोव्यांत म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयांत येणाऱ्या २७० गर्भवतींची डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनीं केलेली पाहणी २००२ सालीं प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनीं शेंकडा २३ मातांस विषाद जडलेला आढळला, आणि सहा महिन्यांनींही त्यांपैकीं निम्म्याहून अधिक बऱ्या झालेल्या नव्हत्या. त्यांतील बहुतेकींचें मन गर्भारपणींच खिन्न होतें. दारिद्र्य आणि पतीशीं बेबनाव हीं मोठीं कारणें दिसलीं. आणि मुलगी झाली कीं तो धोका अधिकच वाढे. हें शेवटचें कारण बाळंतिणीच्या शरीरांत नाहीं. तें ‘पुन्हां मुलगीच का?’ असें विचारणाऱ्या आपल्या तोंडांत आहे.

मग घरानें काय करावें? प्रथम उपदेश थांबवावा. अर्जुनासारखा धनुर्धर रणांगणावर गात्रें गळून बसला. त्याच्या विषादाचा एक सबंध अध्याय आहे, आणि त्याचें बोलणें संपेपर्यंत ऐकून घेणारा सारथि त्यास लाभला होता. सूनबाईंस तसा श्रोता घरांत मिळाला पाहिजे. दुसरें, झोप. रात्रीं एकदां पाजून झालें कीं मूल दुसऱ्या कोणीं घ्यावें व तिला सलग चार-पांच तास निजूं द्यावें. पतीनें हें आपलें कर्तव्य समजावें. तिसरें, जिवाचें बरेंवाईट करण्याचा विचार मनांत येतो काय, हें स्पष्ट विचारावें. विचारल्यानें तो उत्पन्न होत नाहीं. ‘होय’ म्हणाली तर तिला एकटी न ठेवतां तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें.

चवथें, उपचार. आमच्या भागांत अंबेजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय आहे. शिवाय २०२२ पासून सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते. समुपदेशनानें पुष्कळ जणी बऱ्या होतात. औषधें लागलींच, तर अंगावर पाजणाऱ्या मातेस चालणारींही असतात. मात्र तीं आपल्या मतानें सुरू अथवा बंद करूं नयेत.

आमच्या विद्यार्थ्यानें पत्नीस डॉक्टरांकडे नेलें. गुण एकाएकीं आला नाहीं. चार दिवस बरे जात, पुन्हां दोन वाईट येत. सहा महिन्यांनीं मात्र त्या थोरलीस पाटीवर अक्षरें गिरवावयास शिकवूं लागल्या. या काळांत रात्रीचें मूल आजींनीं सांभाळलें. अशाच एका रात्रीं आजींनीं नातसुनेस सांगितलें कीं, आपल्या तिसऱ्या बाळंतपणानंतर आपण वर्षभर पहाटे जात्यापाशीं रडत असूं. घरघरींत तें कोणास ऐकूं गेलें नाहीं. हें सूनबाईंनीं आमच्या मंडळींस सांगितलें, व लिहिण्यास दोघींचीही संमति आहे. साठ वर्षांत आजींस तें कोणीं विचारलेंच नव्हतें.

ज्यांच्या घरीं सध्यां पाळणा हलत आहे, त्या वाचकांनीं आज बाळाचें वजन विचारण्यापूर्वीं बाळंतिणीस ‘तुला झोप लागली का?’ एवढें विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत तेथून उठूं नये.