बाटली भरणं हा प्रॉब्लेमच नाहीये!

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी रागवायला नको. दुधाच्या सहा-आठ बाटल्या एकदम उचलणारं आणि एकदम भरणारं जे यंत्र 'ग्रामीण भागासाठी' म्हणून बनवलं जातं, ते अर्धं चांगलं आहे आणि अर्धं निरुपयोगी. उचलणारं अर्धं चांगलं, भरणारं अर्धं निरुपयोगी. आणि गंमत म्हणजे सगळी मोटर, सगळे सेन्सर आणि पीपीटीच्या सगळ्या स्लाइडी या निरुपयोगी अर्ध्यावरच खर्ची पडतात.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. खाली कप्पे केलेला एक लोखंडी स्टँड, त्यात सहा बाटल्या. वर स्टीलचं पिंप. पिंपातून एक आडवा पाइप, त्याला सहा तोट्या. खटका दाबला की सहाही बाटल्यांत दूध. मग स्टँडला मूठ असते, ती धरून सगळं एकदम उचलायचं. अशी दोन-तीन यंत्रं मी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रोजेक्ट प्रदर्शनांत पाहिली आहेत. (कॉलेजांची नावं नकोत, पोरं बिचारी मेहनती होती.) त्यातल्या एका रिपोर्टच्या पहिल्याच पानावर होतं: 'शहापूर व मुरबाड या ग्रामीण तालुक्यांतील दूध उत्पादकांचे श्रम वाचवण्यासाठी'. माझं घर शहापूर तालुक्यातलं, आणि मामाचं गाव मुरबाडकडे, सरळगावच्या पुढे. त्यामुळे ते वाक्य वाचलं आणि डोकं सटकलं. कारण ते लिहिणाऱ्याने शहापूर फक्त नकाशात पाहिलेलं होतं, हे पुढच्या पानावरच कळत होतं.

तर आता जरा रतीब कसा चालतो ते बघू.

आमच्याकडचा गवळी पहाटे उठतो, धार काढतो, दूध गाळतो आणि कॅनमध्ये ओततो. आसनगाव, वासिंद, खर्डीकडचा असेल तर लोकलच्या लगेजच्या डब्यात कॅन चढवून कल्याण-ठाण्याला जातो. मुरबाडकडचा असेल तर मोटरसायकल नाहीतर टेम्पो, कारण कल्याण-मुरबाड रेल्वे गेली कित्येक वर्षं फक्त घोषणांच्या रुळावरून धावतेय. दारात गेला की कॅनमध्ये माप बुडवायचं, पातेल्यात ओतायचं, वर थोडं 'वरचं' घालायचं, पुढचं दार. या धंद्यात बाटली नाहीच मुळी! बाटली आली ती अलीकडे, जेव्हा शहरातल्या सोसायट्यांना प्लास्टिकच्या पिशवीचा कंटाळा आला आणि 'काचेच्या बाटलीत देणार का?' अशी विचारणा सुरू झाली. तेव्हा बाटलीतून रतीब घालणारे आमच्याकडे मोजकेच, पण वाढू शकतात हे मान्य. म्हणून तर विषय महत्त्वाचा आहे.

आता हिशोब. आकडे मोघम आहेत, तुमच्याकडे वेगळे असतील तर घालून बघा. समजा एका घरात चार म्हशी आणि रोज सकाळी तीस बाटल्यांचा रतीब. धार काढायला ४० मिनिटं. गाळणं आणि गार करणं १५. मापाने, नरसाळं लावून एक बाटली भरायला १५ सेकंद, म्हणजे तीस बाटल्यांना साडेसात, चला ८ मिनिटं. शहरात जाणं आणि वाटप १२०. रिकाम्या बाटल्या आणून धुणं ४५. एकूण २२८ मिनिटं. त्यात भरण्याचा वाटा ८ मिनिटांचा, म्हणजे साडेतीन टक्के.

आमच्या क्षेत्रातल्या लोकांना पुढचं सांगायला नको. जीन अ‍ॅमडालने १९६७ साली जे कॉम्प्युटरबद्दल सांगितलं तेच इथे. कामाचा जो भाग मुळातच छोटा आहे तो कितीही वेगवान करा, एकूण वेळेत ढिम्म फरक पडत नाही. सहा तोट्या लावा, साठ लावा, डोळ्याचं पातं लवायच्या आत बाटल्या भरा, तरी वाचणार जास्तीत जास्त ८ मिनिटं. आणि संध्याकाळी तो पाइप, त्या सहा तोट्या, ते पिंप धुवायचं कुणी? त्याला पंधरा-वीस मिनिटं कुठेच गेली नाहीत. म्हणजे यंत्र आलं आणि काम वाढलं. कोडमध्ये असं झालं असतं तर आपण तो चेंज त्याच दिवशी मागे घेतला असता.

बरं, वेळेचं सोडा. ते यंत्र भरतं तरी नीट का? पोरांनी चाचणी घेतली ती पाण्यावर. दूध म्हणजे पाणी नव्हे (काही गवळ्यांचा अपवाद सोडून :-) ).

एक, म्हशीचं ताजं दूध पिंपात ठेवलं की साय-मलई वर चढायला लागते आणि तोट्या असतात खाली. पहिल्या सहा बाटल्यांत पातळ दूध, शेवटच्या सहांत दाट. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणणार पाणी घातलं, पाचव्या मजल्यावरच्या म्हणणार आज छान होतं. गवळी प्रत्येक मापासरशी कॅनमधलं दूध खालीवर करतो ती काही सवयीची लकब नाही, ते मिक्सिंग आहे. दोन, पिंपातली पातळी उतरली की धार मंदावते. पातळी ४० सेंटीमीटरवरून १० वर आली की वेग निम्मा होतो, हे अकरावीच्या फिजिक्समध्ये आहे. म्हणजे 'दहा सेकंद तोटी उघडी ठेवा' हा प्रोग्रॅम तिसऱ्या फेरीलाच खोटा पडतो. तीन, फेस. वरून पडणाऱ्या दुधाला फेस येतो, बाटली काठोकाठ दिसते, आणि गिऱ्हाइकाच्या दारात पोचेस्तोवर फेस बसून दोन बोटं कमी. भांडण कुणाच्या वाट्याला? सेन्सर बसवणाऱ्याच्या नक्कीच नाही.

मोठ्या डेअऱ्यांनी हे प्रश्न सोडवले नाहीत असं नाही. तिथे बाटली खालून वर येऊन तोटीला घट्ट बसते, आत हवा जायची एक नळी असते, दूध त्या नळीपर्यंत चढलं की आपोआप थांबतं. प्रत्येक बाटली एकाच उंचीपर्यंत भरते. पण ती यंत्रं तासाला हजारो बाटल्या भरण्यासाठी असतात, आणि त्यांच्या पाठीमागे बॉयलर, शीतकरण आणि धुलाईचा अख्खा कारखाना उभा असतो. तीस बाटल्यांच्या गोठ्यात त्याची खेळण्यातली नक्कल आणून काय होणार?

आणि आता खरा मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. धुणं.

बाटलीतलं दूध आपल्याकडे नवीन नाही. १९४९ मध्ये आरे कॉलनी उभी राहिली, १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. ती उभी करणाऱ्या दारा खुरोडींना पुढे १९६३ साली कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुंबईतल्या त्या पिढीतल्या कुठल्याही आजीला विचारा, आरेची अर्ध्या लिटरची बाटली, पातळ पत्र्याचं झाकण आणि केंद्रावर न्यायची तारेची जाळी, सगळं आठवत असेल. ती चार-सहा कप्प्यांची तारेची जाळी म्हणजेच आपलं आजचं 'मल्टी बॉटल कॅरिअर'. तिचा शोध पुन्हा लावायची गरज नाही. रिकामी बाटली द्यायची, भरलेली घ्यायची. आणि ती रिकामी बाटली डेअरीत परत गेली की गरम सोड्याच्या पाण्यातून, मग स्वच्छ पाण्याच्या फवाऱ्यांतून फिरून यायची आणि मगच भरली जायची. आरेची बाटली चालली ती छान भरली जायची म्हणून नव्हे. रोज लाखो घरांतून खरकटी होऊन आलेली बाटली कुणीतरी रोज नीट धुवत होतं, म्हणून चालली.

तेच काम आमच्या गोठ्यात कोण करतं? घरातली बाई. एक बाटली नीट धुवायची तर आधी गार पाण्याने विसळायची (आधीच गरम पाणी ओतलं तर दूध काचेला चिकटून बसतं), मग गरम पाणी आणि सोडा घालून ब्रशने घासायची, मग पुन्हा दोनदा विसळायची, मग उपडी घालून वाळवायची. बाटलीमागे दोन लिटर पाणी धरा. तीस बाटल्यांना साठ लिटर. म्हणजे चार हंडे. रोज.

आणि हे चार हंडे कुठले, तर शहापूरचे! मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतोय. दोन्ही धरणं आमच्या तालुक्यात. आणि दर उन्हाळ्यात टँकर येतात तेही आमच्याच तालुक्यात, धरणांच्या उशाशी असलेल्या गावपाड्यांत. एप्रिल-मेमध्ये जिथे प्यायच्या हंड्याला रांग लागते, तिथे 'काचेची बाटली पर्यावरणाला चांगली असते हं' असं सांगताना जरा विचार करावा. पिशवीचा कचरा शहरात दिसतो म्हणून तो प्रश्न. बाटली धुवायला लागणारं पाणी गावात, डोक्यावरून येतं, म्हणून तो प्रश्नच नाही.

२०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा दुधाच्या पिशवीवर पन्नास पैसे परतीची किंमत छापायचं ठरलं होतं. ते पन्नास पैसे मागायला रांग लागलेली मी तरी पाहिली नाही. तेव्हा पिशवीची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही, बाटली यावीच. पण बाटली आली की तिच्याबरोबर येणारं काम कुणाच्या अंगावर पडतं, ते आधी बघा.

आता तुम्ही म्हणाल, पोरं शिकतायत, करू दे की प्रोजेक्ट, तुझ्या पोटात का दुखतंय? शिकायला माझी काही हरकत नाही. तोट्या बसवा, मायक्रोकंट्रोलर जाळा, सगळं करा. पण मग रिपोर्टवर 'आम्हाला सोलेनॉइड व्हॉल्व्ह शिकायचा होता' असं लिहा. शहापूर-मुरबाडच्या नावावर कशाला खपवता? कारण हीच कल्पना उद्या कुठल्यातरी स्पर्धेत बक्षीस मिळवते, मग कुणाच्यातरी सीएसआरच्या पैशातून एखाद्या बचत गटाच्या माथी मारली जाते, फोटो निघतात, आणि वर्षभरात ते यंत्र समाजमंदिराच्या कोपऱ्यात गंजत पडतं. वर आपणच म्हणायला मोकळे, 'गावातल्या लोकांना टेक्नॉलॉजी नकोच असते'!

म्हसाच्या यात्रेत बैल घ्यायला आलेला शेतकरी दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो, मग पैशाची गोष्ट काढतो. त्या माणसाला तुम्ही सहा तोट्या दाखवणार आणि तो भुलणार, असं वाटतं का?

मला विचाराल तर भरणं हा विषय मुलांना आवडतो कारण ते दिसतं. धार पडते, बाटली भरते, टाळ्या पडतात. धुणं दिसत नाही. मागल्या दारी, मोरीजवळ, उकिडवं बसून कुणीतरी ते करतं, आणि ते करणारी बाई प्रोजेक्टच्या सर्व्हेत भेटतच नाही. सर्व्हे घ्यायला गेलेली पोरं ओट्यावर बसलेल्या मालकाशी बोलून, चहा पिऊन परत येतात. चहाचे कप कुणी धुतले, हेही विचारत नाहीत.

मग करायचं काय? नुसती टीका करून पळणाऱ्यातला मी नाही. जे अर्धं चांगलं आहे तिथून सुरुवात करा. बारा बाटल्यांचा तारेचा स्टँड घ्या, पण असा, की बाटल्या आत अडकून राहतील आणि स्टँड अख्खा उपडा करता येईल. लिटरची काचेची बाटली रिकामी साधारण अर्धा किलो, म्हणजे बारा बाटल्यांचे सहा किलो. रिकामा स्टँड एका माणसाला सहज उलटता येतो. भरल्यावर मात्र तो साडेअठरा किलोच्या घरात जातो, तेव्हा मूठ एक नको, दोन द्या, दोघांनी धरायला. खाली एक पन्हाळ, तीत बारा फवारे, पायाने दाबायचा पंप. विसळायचं पाणी पुढच्या घाणीच्या पहिल्या विसळणीला वापरता येईल अशी दोन पिंपं. शेवटचं पाणी गोठा धुवायला. गरम पाण्याला सोलर हीटर. साठ लिटरचे तीस झाले तरी रोजचे दोन हंडे वाचले. ४५ मिनिटांची वीस झाली तर २५ मिनिटं वाचली, म्हणजे भरण्याच्या यंत्राच्या तिप्पट. धुतल्या त्याच स्टँडमध्ये वाळवा, त्याच स्टँडमध्ये मापाने भरा, तोच स्टँड टेम्पोत चढवा. मोटर नाही, सेन्सर नाही, बक्षीस बहुधा मिळणार नाही. पण वापरलं जाईल.

आसनगाव काही चंद्रावर नाही, कल्याणहून लोकलने पाऊण तास. एखाद्या रविवारी पहाटेची गाडी पकडा. रात्रभर बाहेर राहिलेली, तळाशी दुधाचा थर धरलेली एक बाटली मागून घ्या आणि स्वतःच्या हाताने धुवा, हंडाही स्वतःच भरून आणा. मग लॅपटॉप उघडून डिझाइन काढायला बसा.