माझा नंबर, त्यांचा होकार

मंगळवारी संध्याकाळी सव्वासातला फोन आला. नंबर अनोळखी होता. पलीकडे विशीतला एक मुलगा हिंदीत बोलत होता. आमच्या इलेक्ट्रिशियनचं पूर्ण नाव घेऊन त्याने विचारलं, "इनको जानते हो ना?" मला वाटलं, शिडीवरून पडले की काय. मी घाईघाईने हो म्हटलं. त्यासरशी त्याचा सूर पालटला. तुमच्या माणसाने पैसे घेतलेत, फेडत नाही, त्याला समजवा नाहीतर तुम्ही भरा. मी कुणाला जामीन राहिलेले नाही, असं सांगेपर्यंत त्याने दोन घाणेरड्या शिव्या हासडल्या आणि फोन ठेवला. रात्री साडेनऊला पुन्हा फोन आला, सकाळी सातच्या आत आणखी एक.

दुपारी इलेक्ट्रिशियन स्वतःच आले. बेल वाजवलीच नव्हती. मी कचऱ्याची बादली ठेवायला दार उघडलं, तर जिन्यापाशी उभे. "काकू, तुम्हालापण फोन आला का?" एवढंच विचारलं आणि खाली बघत राहिले.

मुलाच्या बारावीच्या क्लासचा हप्ता भरायचा होता म्हणून एका ॲपवरून त्यांनी सहा हजार घेतले होते. हातात आले तीन हजार आठशे. बाकीचे आधीच कापून घेतले. सात दिवसांत पूर्ण सहा हजार परत करायचे होते, आठवा दिवस उजाडला आणि फोन सुरू झाले. सासऱ्यांना, मेव्हणीला, मुलाच्या वर्गशिक्षिकेला, ज्यांच्याकडे वायरिंगचं मोठं काम चालू होतं त्या काँट्रॅक्टरला. काँट्रॅक्टरने काम काढून घेतलं. "मी फक्त अलाऊ दाबलं होतं काकू," ते म्हणाले. "न दाबता पुढचं पानच उघडत नव्हतं."

मी विचारलं, माझा नंबर तुमच्याकडे कोणत्या नावाने आहे? त्यांनी फोन पुढे केला. ‘गीझर काकू सदाशिव पेठ’. वर-खाली नजर गेली तशी बाकीची नावंही दिसली. ‘कोर्ट वकील जमीन’. ‘आई शुगर डॉक्टर’. ‘पतपेढी साहेब’. ‘ताई नवीन नंबर’, म्हणजे आधीचा नंबर कुठल्यातरी कारणाने बंद झालेला. एके ठिकाणी नुसतं ‘एटीएम’ लिहिलेलं आणि पुढे चारच आकडे. तो काय नंबर आहे हे विचारण्याची गरज नव्हती. आमच्या मावशीच्या फोनमध्येही तो असाच ठेवलेला होता, पिन विसरायला नको म्हणून.

कॉन्टॅक्ट्स या शब्दाने आपली फसगत होते. वाटतं, नावं आणि नंबर, त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण त्या यादीत माणसाचं दुखणं आहे, कज्जा आहे, देणं आहे, माहेर-सासर आहे. त्यातला शब्दन् शब्द त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी, दुसऱ्या कुणी वाचणार नाही या भरवशावर लिहिला होता. शिवाय ती यादी त्यांच्या एकट्याची नव्हतीच. तीत मी होते. मी ते ॲप कधी पाहिलं नाही, त्यावर कसलंही बटण दाबलं नाही. तरी माझा नंबर आणि मी पुण्यात कुठल्या भागात राहते हे वसुली करणाऱ्या मुलाच्या हातात गेलं.

ज्यांच्या घरी टेलिफोन नव्हता त्यांना पी. पी. नंबर आठवत असेल. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर शेजाऱ्याचा नंबर घालायचा आणि पुढे कंसात पी. पी. लिहायचं. आमच्या वाड्यात खालच्या जोशीकाकांकडे फोन होता. तो नंबर कुणाला द्यायचा असला की वडील आधी खाली जायचे आणि विचारायचे, "काका, मुलाकडच्यांना तुमचा नंबर देऊ का?" काका कधीच नाही म्हणाले नाहीत. तरी दर वेळी विचारलं जायचं. दुसऱ्याचा नंबर त्याला विचारल्याशिवाय पुढे द्यायचा नाही, ही रीत कुणी लिहून ठेवलेली नव्हती. आजही पुष्कळ लोक ती पाळतात; "तुमचा नंबर दिला तर चालेल ना" असा मेसेज मला आठवड्यातून एकदा तरी येतो. फोन बनवणाऱ्यांनी आणि ॲप लिहिणाऱ्यांनी ही रीत आपल्या यंत्रात कधी घातलीच नाही.

घालायची संधी मात्र बरीच आधी आली होती. फेब्रुवारी २०१२मध्ये सिंगापूरमधल्या अरुण थांपी या प्रोग्रामरच्या लक्षात आलं, की ‘पाथ’ नावाचं आयफोनवरचं ॲप वापरणाऱ्याची अख्खी यादी, नावं, नंबर, ईमेलसकट, गुपचूप आपल्या सर्व्हरवर पाठवतंय. बोभाटा झाला. पाथच्या प्रमुखांनी माफी मागितली, गोळा केलेल्या याद्या पुसल्या, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या यादीबद्दल कंपनीवर कारवाई केली; आठ लाख डॉलरचा दंड मात्र मुलांची माहिती गोळा केल्याबद्दलचा होता. हा बोभाटा झाला तेव्हा आयफोनवर ही यादी वाचायला ॲपला विचारावंही लागत नव्हतं. विचारणारी चौकट २०१२च्या सप्टेंबरमध्ये आली. अँड्रॉइडवर २०१५पर्यंत सगळ्या परवानग्यांची जंत्री ॲप बसवतानाच एकदम समोर यायची. सगळं मान्य करा, नाहीतर ॲप बसवू नका.

आता चौकट येते. पण ती कुणाला विचारते? फोन हातात असलेल्याला. यादीतल्या चारशे जणांना कुणीच विचारत नाही. आणि अँड्रॉइडवर उत्तराला पर्याय दोनच, सगळं किंवा काहीच नाही. अँड्रॉइडने २०२०मध्ये कॅमेरा, मायक्रोफोन आणि लोकेशनसाठी ‘फक्त या वेळेपुरतं’ असा तिसरा पर्याय दिला. कॉन्टॅक्ट्सना तो दिला नाही. एकदा हो म्हटलं की आजची यादी तर जातेच, शिवाय पुढच्या महिन्यात जोडलेला नंबरही त्या ॲपला वाचता येतो. नंतर परवानगी काढून घेतलीत तर पुढचं वाचन थांबेल; आधी नेलेली प्रत परत येत नाही.

एकाच्या होकारात किती माणसं ओढली जातात, याचा आपल्या देशातला एक आकडा मी विसरू शकत नाही. फेसबुकवरची माहिती केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीकडे गेल्याचं प्रकरण उघडकीला आल्यावर एप्रिल २०१८मध्ये फेसबुकने स्वतःच तो दिला. ज्या प्रश्नमंजूषेच्या ॲपमधून माहिती गेली, ते भारतात ३३५ जणांनी वापरलं होतं. त्यांच्या मित्रयादीतून आणखी ५ लाख ६२ हजार १२० जणांची माहिती गेली असण्याची शक्यता फेसबुकने मान्य केली. म्हणजे एकेका माणसाच्या होकारापाठी सोळाशेहून जास्त माणसं, त्यातल्या कुणालाही काही न विचारता. ‘तुमची माहिती तुमच्या हाती’ असं कंपन्या म्हणतात तेव्हा मला ही सोळाशे माणसं आठवतात.

कर्जाच्या ॲपनी या यादीचा उपयोग तारणासारखा केला. सोनं गहाण ठेवायला नाही, घर नाही. मग गहाण पडते ती अब्रू, आणि अब्रू कुणापुढे घालवायची हे यादीत लिहिलेलंच असतं. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१मध्ये पाहणी केली तेव्हा भारतीय ग्राहकांना मिळू शकणारी अशी सुमारे अकराशे ॲप सापडली. त्यातली सहाशे बेकायदा होती. छळाला कंटाळून माणसांनी जीव दिल्याच्या बातम्या तेव्हा येत होत्या. सप्टेंबर २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला, की कर्ज देणाऱ्या ॲपने फाइल्स, कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, मायक्रोफोन, लोकेशन लागलंच तर एकदाच, ग्राहकाची ओळख पटवण्यासारख्या कामापुरतं आणि स्पष्ट संमती घेऊन. गूगलनेही ३१ मे २०२३पासून आपल्या प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपना कॉन्टॅक्ट्स आणि फोटो वाचायला बंदी केली.

बंदी चांगलीच झाली. आमच्या इलेक्ट्रिशियनना लागलेलं ॲप प्ले स्टोअरवरचं नव्हतंच, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून उतरवलेलं होतं. अशा लिंक कुणी उघडू नयेत हे मी या सदरात पूर्वीही लिहिलं आहे, पण आज माझं म्हणणं वेगळं आहे. दुकानाच्या मालकाने एक नियम बदलला आणि त्या दुकानातल्या एका संबंध जातीच्या ॲपना यादी बंद झाली. म्हणजे हे करता येतं. मग ते कर्जाच्या ॲपपुरतंच का? फोटोवर फुलं चिकटवणाऱ्या ॲपला माझ्या यादीचं काय काम? मुलांच्या खेळाला? औषधं घरपोच देणाऱ्या दुकानाला?

आणि ज्यांना खरोखरच एखादा नंबर लागतो त्यांच्यासाठी वाट आहे. ॲपने फोनचीच यादी उघडून दाखवायची, मी त्यातलं एक नाव निवडायचं आणि तेवढंच ॲपकडे जायचं, ही सोय अँड्रॉइडमध्ये फार वर्षांपासून आहे. ॲपलने २०२४मध्ये आयओएस १८ आणलं तेव्हा कोणते नंबर ॲपला दाखवायचे ते वेचून देण्याचा पर्याय दिला. तंत्र अडलेलं नाही. अख्खी यादी मागणं सोपं आणि फायद्याचं आहे म्हणून मागितली जाते. ‘मित्रांना बोलवा’ म्हणून मेसेज पाठवता येतात, कोण कुणाला ओळखतं त्याचं जाळं विणता येतं.

कायद्याकडे मी आशेने बघते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीच्या कलमाखाली दिलेलं उदाहरण नेमकं याच यादीचं आहे. एक बाई घरबसल्या डॉक्टरी सल्ला देणारं ॲप घेते. ॲप दोन गोष्टींना संमती मागतं, सल्ल्यासाठी लागणारी माहिती आणि फोनमधले कॉन्टॅक्ट्स. ती दोन्हींना हो म्हणते. कायदा म्हणतो, सल्ला द्यायला कॉन्टॅक्ट्स लागत नाहीत, म्हणून तिची संमती पहिल्या गोष्टीपुरतीच धरायची. हो म्हटलेलं असलं तरी! हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. संमती मोकळेपणाने, समजून आणि बिनशर्त दिलेली हवी; ती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायची सोय हवी; आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं हवं. इलेक्ट्रिशियनच्या फोनवरचं ते पान सबंध इंग्रजीत होतं.

याच कायद्यानुसार संमती द्यायची असते ती ज्याची माहिती आहे त्याने. मी माझ्या घरगुती कामासाठी यादी ठेवली तर कायदा मला अडवत नाही, अडवूही नये. पण ती यादी कंपनीने उचलली की तो घरगुती मामला राहत नाही, आणि तिथे माझा नंबर नेण्यासाठी माझीच संमती हवी, असा मी त्याचा सरळ अर्थ लावते. या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाने हा अर्थ लवकरात लवकर स्पष्ट शब्दांत सांगावा. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना त्यांनी अठरा महिन्यांची मुदत दिली. तोवर याद्या जातच राहणार. दंड अडीचशे कोटींपर्यंत होऊ शकतो, पण तो सरकारच्या तिजोरीत जमा होतो. ज्याचं काम गेलं, ज्याची शाळेत नाचक्की झाली त्याला या कायद्यात भरपाई नाही. हे मला अन्यायाचं वाटतं आणि ते बदलायला हवं.

‘बिनशर्त’ या शब्दावर तर खूपच अवलंबून आहे. जानेवारी २०२१मध्ये व्हॉट्सॲपने नव्या अटी पुढे ठेवल्या त्या ‘मान्य करा किंवा सोडा’ अशाच होत्या, आणि सोडणार कसं, जिथे सोसायटी, शाळा, नातेवाईक सगळे तिथेच बसलेले! त्याबद्दल स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४मध्ये २१३ कोटींवर दंड केला, पुढच्या वर्षी अपिलातही तो टिकला. नकार द्यायला जागाच नसेल तर होकाराला संमती म्हणता येत नाही, ही गोष्ट त्या निकालाने मोठ्या कंपनीपुरती तरी मान्य झाली.

इलेक्ट्रिशियन त्या दुपारी तासभर बसले. सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर आधी फोन केला, तक्रार नोंदवली. मग चहा घेतला आणि सेटिंग्जमध्ये जाऊन परमिशन मॅनेजर उघडला. कॉन्टॅक्ट्सवर बोट ठेवलं तर एकोणीस ॲप यादी वाचत होती. बॅटरी वाचवणारं एक, आरत्यांचं एक, क्रिकेटच्या स्कोअरचं एक. ते एकेक बंद करत गेले, प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून, "हे करू?" म्हणत. सोळा बंद झाली. मेसेजचं आणि फोनचं ठेवलं.

शेवटच्या एकावर त्यांचं बोट थांबलं. घरोघरच्या दुरुस्तीची कामं मिळवून देणारं ॲप होतं. त्यांनी परवानगी काढली, ॲप उघडून पाहिलं. कामांच्या जागी पांढरी चौकट आली, कॉन्टॅक्ट्स चालू करा म्हणून. मागे गेले, पुन्हा उघडलं, पुन्हा तीच चौकट.

"याच्यावर दिवसाला दोन-तीन कामं येतात काकू," ते म्हणाले. थोडा वेळ चौकटीकडे बघत बसले आणि मग त्यांनी अलाऊ दाबलं.