ज्या मालाला बिल नसते

मसाल्याच्या पाकिटात दोष आढळला, तर व्यापारी बॅच क्रमांक पाहून माल परत मागवितो. हेरॉइनला ना बॅच क्रमांक, ना बिल. डिसेंबर २००९ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे हेरॉइन टोचून घेणाऱ्यांत अँथ्रॅक्स हा जिवाणूजन्य रोग आढळला, तेव्हा आरोग्य अधिकाऱ्यांपुढे हाच पेच उभा राहिला. पुढील वर्षभरात स्कॉटलंडमध्ये ११९ रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी १४ दगावले. रोग माणसाकडून माणसाकडे पसरत नव्हता, दोष मालातच होता. वाटेत, बहुधा तुर्कस्तानात, बकऱ्यांच्या कातड्यांतून त्याचे बीजाणू मिसळले असावेत, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे.

दूषित पूड पाहून ओळखता येत नव्हती. म्हणून सूचना निघाली, हेरॉइन घेऊच नका. सूचना खरीच, परंतु व्यसनाधीन माणूस सकाळी ठरवून दुपारी मुक्त होत नाही. (वर्षानुवर्षे तंबाखू सोडू न शकलेले पेढीवरील सद्गृहस्थ हे जाणतात.) अधिक उपयोगाचे वाक्य दुसरे होते : टोचल्या जागी सूज वा लाली दिसताच रुग्णालय गाठा. प्रतिजैविके लवकर मिळाली, तर जीव वाचण्याची आशा वाढते.

पण पोलिसांच्या भयाने वा लोकांच्या तुच्छतेमुळे जो दवाखान्याची पायरीच चढत नाही, त्याला हे सांगणार कोण? स्कॉटलंडमधील अनेक औषध दुकानांत व्यसनी रुग्णांना मेथाडोन हे पर्यायी औषध मिळते, काहींत स्वच्छ सुयाही. ते घ्यायला अनेकजण रोज येतात. औषधविक्रेता त्यांना नावाने ओळखतो, आणि बाही वर सारली की सूजही त्यालाच आधी दिसते.